ग्रहणात सोडलेलं पाणी

मी चावी फिरवली, नळ खळखळले, आणि गल्लीत एकही घागर बाहेर आली नाही.

आधी चावी म्हणजे काय ते सांगतो. कुलपाची नव्हे. छातीएवढ्या उंचीची लोखंडी सळई, वर धरायला आडवी मूठ. रस्त्यातलं झाकण उघडायचं, खाली पाइपावर व्हॉल्व्ह असतो, त्याच्या डोक्यावर चावी बसवायची आणि आटे मोजत फिरवायची. मग पाणी त्या गल्लीकडं वळतं. आमच्या सोलापुरात पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी एकदा नंबर लागतो. त्यामुळं चावीवाल्याला कलेक्टरपेक्षा जास्त लोक ओळखतात. माझी शाळा चौथीपर्यंत. पण माझा व्हॉल्व्ह कधी उशिरा उघडला नाही. बढाई वाटली तर वाटू दे.

त्या दिवशी थंडीतली सकाळ होती आणि सूर्याला ग्रहण लागलेलं. खग्रास नव्हे, अर्धवट. म्हणजे चंद्र सूर्याचा लचका तोडतो, सगळा गिळत नाही. सात रस्ता चौकापासून आत जी गल्ली आहे तिचा नंबर नेमका त्याच वेळेला आला. हौद कुणाकडं नाही. नळाला पाणी असेपर्यंत भरायचं, नाहीतर पुढचा नंबर येईपर्यंत बसायचं.

आक्का दारात बसल्या होत्या. या गल्लीत आक्कांनी भरलं की सगळ्या भरतात. त्यांची नात नुकतीच बाळंत होऊन घरात होती. दोरीवर दुपटी, दाराशी रिकामा ड्रम.

“आक्का, पाणी आलंय की.”

“दिसतंय. जाऊ दे.”

“आता न्हाय भरलं तर चार-पाच दिस न्हाय.”

“ग्रहनातलं पानी आमी भरत न्हाय, शिवाप्पा. तुजी आई भरत हुती का?”

“माज्या आईला नळच नव्हता.”

आक्कांनी तोंड फिरवलं. मी बाजूला होऊन साहेबांना फोन लावला. साहेब म्हणजे आमचे ज्युनिअर इंजिनिअर. पोरगा चांगला, पण टाइमटेबल म्हणजे त्याला देव.

“साहेब, ग्रहण सुटल्यावर पाणी सोडू का?”

“तुमच्यानंतर वरच्या वस्तीचा नंबर आहे, शिवाप्पा. वेळ हलणार नाही.”

“मग हितं कोण भरत न्हाय.”

“ते मी बघायचं का?”

बरोबर. ते मी बघायचं.

परत आक्कांकडं आलो. म्हणालो, “ज्या टाकीतनं हे पाणी येतंय तिला वरनं स्लॅब हाय. आत अंधार. त्या पाण्यानं सूर्य बघितलाच न्हाय.”

“ग्रहन काय खिडकीतनं येतंय व्हय?” आक्का म्हणाल्या.

नळातली धार तशीच वाहत होती, आणि आतनं बाळ रडत होतं. मला एकदम सुचलं. आमच्याकडं ग्रहणात जेवणात, पाण्यात तुळशीचं पान टाकतात. पान पडलं की दोष लागत नाही.

“आक्का, मी काल सांजच्याला टाकीत तुळस टाकलीया.”

“एवड्या टाकीला एक पान?”

“पान न्हाय. फांदी.”

आक्का उठल्या, ड्रम नळाखाली सरकवला. पाठोपाठ सगळी दारं उघडली. हंडे, कळशा, बादल्या, रंगाचे डबे. हे काम फत्ते, असं वाटलं.

बाया बाहेर आल्या तशी पोरंही आली. आक्कांच्या सुनेनं परातीत हळदीचं पाणी करून गल्लीच्या मधोमध ठेवलं. ग्रहण बघायची आमची पद्धत हीच, वर बघायचं नाही, पाण्यात बघायचं. पोरं परातीवर वाकणार तेवढ्यात माडीवरच्या भाडेकरू कविता मॅडम खाली आल्या. त्या शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांनी सरळ परात उलटी केली.

“पाण्यातला सूर्य पण सूर्यच असतो. डोळ्याचा आतला पडदा भाजतो, आणि भाजताना दुखत नाही, म्हणून कळत नाही.”

मी म्हणालो, “आमी ल्हानपणापास्नं पाण्यातच बघतोय, मॅडम.”

“म्हणूनच मामा, तुम्हाला मीटरचे आकडे दिसत नाहीत.”

“त्यो मोतीबिंदू हाय.”

बाया हसल्या. हसू द्या, डॉक्टरनं मोतीबिंदूच सांगितला होता.

मॅडमनी गहू चाळायची चाळण मागवली. दोरीवर पांढरी चादर टाकली. सगळ्यांना सूर्याकडं पाठ करून उभं केलं आणि चाळण डोक्याच्या वर, उन्हात धरली. चादरीवर चाळणीची सावली पडली. तिच्यात जेवढी भोकं तेवढे बारके सूर्य, आणि एकजात सगळ्यांचा लचका तोडलेला. जसं ताटभर भाकरी मांडाव्यात आणि कुणा एकानंच प्रत्येकीचा घास घेऊन जावं.

त्यांच्याकडं ग्रहणाचा कागदी चष्माही होता. त्यातनं चुलीतला जाळसुद्धा दिसत नाही, फक्त सूर्य दिसतो. त्यावर ओरखडा नाही ना ते बघून त्यांनी एकेकाला दिला. आधी खाली बघून लावायचा, मग वर बघायचं, परत खाली बघून काढायचा. मी घेतला नाही. चाळणीत दिसत होतं की.

एवढ्यात साहेबांची मोटरसायकल आली. कुणीतरी गल्लीच्या मोबाइल ग्रुपवर टाकलं होतं, टाकीत तुळस सोडल्याबद्दल आभार. साहेब काळा गॉगल लावून, मान वर करून उतरले.

“गॉगल चालत नाही,” मॅडम ओरडल्या. “मान खाली घ्या आधी.”

साहेबांनी शाळेतल्यासारखी मान खाली घेतली. मग मला बाजूला ओढलं.

“टाकीत काय टाकलंत?”

“काय न्हाय, साहेब.” मी हळू बोललो.

“सगळी गल्ली सांगते. टाकीत काही पडलं असेल तर टाकी उपसून धुवावी लागते. अर्ध्या भागाचं पाणी बंद. टाकलं नसेल तर सगळ्यांसमोर तसं सांगा. नाहीतर मी आत्ता व्हॉल्व्ह बंद करतो.”

म्हणजे खरं बोललो तर बाया भरलेलं ओतणार, आणि खोटं रेटलं तर नळ बंद. शिवाय माझी नोकरी. मी मागं बघितलं. आक्कांचा ड्रम निम्मा भरला होता.

“सांगतो, साहेब. पण जरा चाळण धरा. मॅडमचा हात अवघडलाय.”

साहेबांनी चाळण धरली. तोंडानं ‘पटकन सांगा’ चाललंच होतं. मग त्यांनी चाळण चादरीपासून जरा लांब नेली. सूर्य मोठे झाले. जरा जवळ आणली, बारके झाले. “अरे, भोक गोल आहे, आणि हे चंद्रकोरीसारखे कसे?” मॅडम सांगू लागल्या. साहेब विचारू लागले. मी ड्रमकडं बघत होतो. इंजिनिअरला प्रश्न पडला की त्याला टाइमटेबलाचा विसर पडतो, हे मला त्या दिवशी कळलं.

नंबराची वेळ संपली तशी मी चावी उलटी फिरवली. नळाची धार बारीक झाली, मग थेंबावर आली. तेव्हा साहेबांना आठवलं.

“हां शिवाप्पा. बोला.”

मी गल्लीच्या मधे उभा राहिलो. “टाकीत मी काय बी टाकलेलं न्हाय.”

एका पोरीनं कळशी तिरकी केली, थोडं पाणी सांडलंही.

“ओतायचं न्हाय,” आक्का म्हणाल्या. “त्यो टाकली म्हनाला म्हनून आपुन भरलं. खोटं त्येचं, पाप त्येचं. पानी आपलं. आपापल्या तुळशीचं पान टाका आन् झाका.”

कळशी सरळ झाली. साहेब चाळण धरूनच उभे होते. जाताना त्यांनी मला समज दिली, सरकारी पाण्याबद्दल अफवा पसरवू नये. मी व्हय म्हणालो.

मग मी आक्कांजवळ गेलो.

“तुमाला ठावं हुतं व्हय?”

“तुजा गुडगा उंबऱ्याला अडतोय. टाकी कुटं चडतोस तू?”

“मग भरलंसा कशाला?”

“घरात बाळंतीन हाय. कुनीतरी खोटं बोलायला पायजे हुतं की.”

धडा म्हणाल तर एवढाच. खोटं बोलायचं तर ज्याला ते खोटं आहे हे ठाऊक आहे, त्यालाच सांगावं. बाकीचे नुसते फसतात, तो सांभाळून घेतो.