ओवीचं हृदय आणि माझं दचकणं

आमच्या ऑपरेशन थिएटरमधले बरेच किस्से माझ्या दचकण्याचे आहेत. दुसरे तिखटमीठ लावून सांगतात, त्यापेक्षा मीच सांगते!

*

मी चेन्नईत लहान मुलांच्या हार्ट सर्जरीत हार्ट-लंग मशीन, म्हणजे ऑपरेशनपुरतं हृदय-फुप्फुसांचं काम करणारं यंत्र, चालवायला शिकतेय. ओवी सोलापूरची, चार महिन्यांची. हृदयाला रक्त पुरवणारी डावी धमनी जन्मतःच चुकीच्या रक्तवाहिनीतून निघालेली. असं फार क्वचित होतं. ती कापून योग्य जागी जोडायची होती. पण हृदय इतकं थकलेलं, की थांबवल्यावर पुन्हा सुरू होईल का, हाच प्रश्न!

सर्जन मॅडमनी विचारलं, "मशीनवर कोण?"

माझे सीनियर राव सर म्हणाले, "ही."

मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

*

थिएटरमध्ये मॅडमची प्रत्येक ऑर्डर मोठ्याने परत म्हणायची, असा नियम. आठवडाभर मी तीच प्रॅक्टिस करत होते. अड्यारच्या मेसमध्ये वेटर आत ओरडला, "दोन इडली, एक वडा!"

मी टेबलावरून ओरडले, "दोन इडली, एक वडा, येस मॅडम!"

तो नम्रपणे म्हणाला, "किचन तिकडे आहे, मॅडम."

*

मशीनच्या नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी जीव जाऊ शकतो. ऑपरेशनच्या सकाळी मी सगळ्या नळ्या सहा वेळा तपासल्या.

राव सर तंजावरचे मराठी, बोलणं तमिळ चालीचं. "पुरे, मा! नळी झिजेल!"

मी सातव्यांदा तपासल्या.

*

धमनी जोडून झाली. रक्त अडवणारा क्लॅम्प काढला. मॉनिटरवर सरळ रेघ.

"घाई नाही. मशीनचा फ्लो चालू ठेव," मॅडम म्हणाल्या.

"फ्लो चालू!" मी मोठ्याने परत म्हटलं.

किती वेळ गेला कोण जाणे. अचानक एक ठोका! मी स्टुलावरून उडालेच.

राव सर कानाशी म्हणाले, "तिचं सुरू झालं. आता तुझं बघ!"

*

दहाव्या दिवशी मी वॉर्डात गेले. जन्मापासून चार घोट दूध प्यायलं की ओवी घामाने निथळायची, म्हणून तिच्या आईच्या, रेखाताईंच्या खांद्यावर कायम पंचा. मला बघताच त्यांनी धावत येऊन माझा हात पकडला. मी किंचाळलेच!

"ताई, डॉक्टरला बोलवा की लवकर! पोरीनं अख्खी बाटली संपवली, आन् पंचा कोरडाच हाय!"