मार्चातला बेडूक

देवाने सोलापुरात दोन गोष्टी केवळ माझी सहनशक्ती पाहण्यासाठी निर्माण केल्या, असे माझे ठाम मत आहे. एक उन्हाळा, आणि दुसरे तुमच्या आजोबांचे मावसभाऊ. उन्हाळ्याबद्दलचे मत मी एखादे वेळी बदलेनही. निदान तो दरवर्षी ठरल्या वेळी येतो. भाऊजींबद्दल तेवढेही म्हणता येत नाही. तुम्ही तिकडे विलायतेत वाढलात, त्यांना पाहिले नाहीत, म्हणून सगळे सांगते. राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी तेव्हा मुलींच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत असे. मुलींना शरीरशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र शिकवावे म्हणून मी शाळेच्या मंडळींशी दोन वर्षे भांडले होते. "मुलींना बेडकाची आतडी कशाला?" असे एका गृहस्थांनी मला भर सभेत विचारले होते. शेवटी एक वर्षापुरती परवानगी मिळाली. अट अशी की, वर्षाअखेर इन्स्पेक्टरसाहेब वर्ग पाहतील. त्यांचे मत वाईट पडले तर ते तास भरतकामाला जातील. भरतकामाच्या बाई जूनपासूनच त्या तासांकडे डोळा लावून बसल्या होत्या. शास्त्र शिकलेली बाई गावात मिळेना, म्हणून भाऊजींना बोलावले. ते शास्त्राचे पदवीधर, वयाने पोक्त, आणि डोक्यावर टोपी उलटी असली तरी त्यांना ते कळत नसे, इतके निरुपद्रवी. पण आमच्या मोठ्या बाईंचा नियम कडक होता. दुसऱ्या दिवशीच्या प्रत्येक पाठाचे टाचण आदल्या दिवशी लिहायचे आणि पहिल्या घंटेआधी त्यांची सही घ्यायची. भाऊजींना टाचण म्हटले की शिंका येत. म्हणून ठरले की, टाचण मी लिहावे आणि शिकवावे त्यांनी. हे ठरवताना माझी बुद्धी कुठे गेली होती, कोण जाणे.

माझी टाचणवही तुम्ही पाहायला हवी होती. लाल शाईने आखलेले रकाने: उद्देश, साहित्य, विवेचन, प्रश्न. शेवटी एक अरुंद रकाना, 'झाले' असे लिहिण्यासाठी. प्रस्तावनेला पाच मिनिटे, निरीक्षणाला वीस, प्रश्नांना दहा, उजळणीला पाच. पाठांचा क्रम मी माझ्या कॉलेजात बक्षीस मिळालेल्या सोनेरी अक्षरांच्या इंग्रजी पुस्तकावरून घेतला होता, आणि जून ते एप्रिल सगळे पाठ तारीखवार लावून टाकले होते. रोज संध्याकाळी पाच वाजता भाऊजी चहाला येत, मी त्यांना उद्याचा पाठ वाचून दाखवी, आणि ते मान डोलावत बशीत चहा ओतत. मला वाटे, ऐकताहेत. प्रत्यक्षात ते बशीच्या काठावरून चाललेली मुंगी पाहत असत.

त्यांच्या कोटाच्या खिशांबद्दल मी लिहू नये हेच बरे, पण लिहिते. डाव्या खिशात बिया, उजव्यात किडे. एकदा माझ्या सुईदोऱ्याच्या डब्यात त्यांनी "दोन दिवस राहू द्या" म्हणून बाभळीवरचे कोश ठेवले. नवव्या दिवशी डबा उघडला तर आतून करडे पतंग निघाले आणि सासूबाईंच्या जपमाळेवर जाऊन बसले. रस्त्याने जाताना मधेच थांबून ते निंबाच्या सालीला कान लावत. भर बाजारात एखाद्या गाढवाचे कान वर करून आत बघत. त्यांच्याबरोबर चालणे म्हणजे बाईमाणसाला लाजेने मेल्यासारखे. आणि तो फुप्फुसांचा दिवस! टाचणात मी स्वच्छ लिहिले होते: 'साहित्य – रंगीत तक्ता'. भाऊजी सकाळीच खाटकाकडे गेले. तो त्यांना आता ओळखू लागला होता. "मास्टरसाब खाने कू नहीं, फुलाने कू ले जाते," असे तो सगळ्या गिऱ्हाइकांना हसत सांगे. शाळेला वेळ होता म्हणून भाऊजी बकऱ्याची ती ओली फुप्फुसे कागदात गुंडाळून थेट आमच्या ओसरीवर आले.

"वहिनी, जरा सावलीत ठेवा. अकराचा पाठ आहे."

सासूबाई तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांनी तांब्या तसाच खाली ठेवला, आणि त्या दिवशी आमचे घर तीनदा धुतले गेले. वर्गात भाऊजींनी जोंधळ्याच्या ताटाची पोकळ केलेली नळी घालून फुंकर मारली. फुप्फुसे फुगली, तेव्हा पहिल्या बाकावरच्या दोन मुली रडल्या आणि उरलेल्या "मला, मास्तर, मला!" करीत पुढे धावल्या. माझा रंगीत तक्ता गुंडाळलेलाच राहिला. तो मी पुण्याहून मागवला होता.

पण माझे खरे भांडण सुरू झाले ते जूनमध्येच, अगदी पहिल्या पाठाला. पुस्तकात पहिले फूल होते प्रिमरोज, पिवळे, पाच पाकळ्यांचे. मी त्याच्या पाकळ्या, निदलपुंज, परागकोश सगळे पाठ करून सुंदर टाचण काढले. भाऊजींनी ऐकले आणि बशी खाली ठेवली.

"वहिनी, हे फूल तुम्ही पाहिलंय?"

"चित्र आहे की पुस्तकात. रंगीत."

"चित्र नव्हे. फूल."

"म्हणजे? माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?"

"तुमच्यावर आहे हो. फुलावर नाही." मग हळूच म्हणाले, "वहिनी, तुमच्या पुस्तकातले महिने दुसऱ्या गावचे आहेत. तिथं एप्रिलात फुलं येतात म्हणे. आपल्याकडं एप्रिलात फुफाटा येतो."

बी.ए. झालेल्या बाईला हे ऐकून घ्यावे लागले. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. चहा मात्र पाठवीत होते. त्यांनी वर्गात नेली तरवडाची फुले, माळावर हवी तेवढी फुकट असलेली, आणि मुलींनी त्यांच्या पाकळ्या मोजल्या. दुसऱ्या दिवशी वही उघडते तो माझ्या 'झाले'च्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलेले: 'न पाहिले'. त्यानंतर वर्षभर हेच. जो पाठ मुलींनी डोळ्यांनी पाहिला, त्यापुढे 'पाहिले'. जो नाही, त्यापुढे 'न पाहिले', मग मी तो कितीही चांगला लिहिलेला असो. माझ्या शाईच्या वहीत पेन्सिल! जानेवारीत मुळांचे प्रकार हा चाळीस मिनिटांचा पाठ होता. ते मुलींना घेऊन गावाबाहेरच्या जोंधळ्याच्या शेतात गेले आणि एकाच ताटाचे मूळ न तोडता सबंध मोकळे करायला बसवले. तीन तास गेले. गणित बुडाले, भरतकाम बुडाले, मुली कोपरापर्यंत काळ्या मातीने माखून आणि तोंडात हुरडा घेऊन परत आल्या. भरतकामाच्या बाई मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन रडल्या. मी बाहेर उभी राहून दात ओठ खात होते. वर्ग बंद पडला तर भाऊजींचे काय जाणार होते? दोन वर्षे भांडले होते ते मी.

मार्चमध्ये इन्स्पेक्टरसाहेबांचे पत्र आले. मोठ्या बाईंनी वर्षाचे पाठ त्यांना आधीच पाठवलेले होते. साहेबांनी बोट ठेवले ते नेमके 'बेडूक: शरीर व श्वसन' ह्या पाठावर. भाऊजींना सांगितले तेव्हा ते खरोखर घाबरलेले मी प्रथमच पाहिले.

"मार्चात सोलापुरात बेडूक? वहिनी, हा पाठ श्रावणातला. तेव्हा मी दाखवला होता की!"

"तेव्हा टाचणात झाडाचे पान होते. पान!"

"पान काय, बाराही महिने असतं."

"भाऊजी," मी म्हटले, "हे शाईने लिहिलेले आहे. त्यावर सही झालेली आहे. एक दिवस, फक्त एक दिवस माझ्या टाचणाप्रमाणे शिकवा. तक्ता लावा, छडी घ्या, शिकवा. नाहीतर जूनपासून ह्या मुली रुमालावर बदके काढत बसतील."

त्यांनी बशी दूर सारली. मग म्हणाले, "बरं. टाचणाप्रमाणे." चहा तसाच ठेवून गेले. मला वाटले, जिंकले.

पाहणीच्या दिवशी सकाळी भिंतीवर बेडकाचा तक्ता मी स्वतः लावला. इन्स्पेक्टरसाहेब माझी वही मांडीवर घेऊन बसले. मी मागच्या बाकावर. घंटा झाली आणि भाऊजी आले. धोतर गुडघ्यापर्यंत मातीने भरलेले, टोपी उलटी, हातात घमेले. घमेल्यात मातीचे एक मोठे, कोरडे, काळे ढेकूळ. ते पहाटेच कुदळ घेऊन होटगीच्या वाटेवरच्या आटलेल्या तळ्यात खणायला गेले होते. तिथे विहिरीवर निघालेल्या एका शेतकऱ्याने त्यांना विचारले, "मास्तर, हितं काय पुरलंय का तुमचं?" बेडूक काढायचा आहे असे कळल्यावर तो पोट धरून हसला. "पाऊस आल्याबिगर त्यो काय उठत न्हाय बगा. झोपू द्या की त्येला!" पण कुदळ त्यानेही धरली. हे सगळे मला नंतर कळले. त्या क्षणी मला एवढेच कळले की, माझा वर्ग बुडाला.

भाऊजींनी घड्याळ काढून टेबलावर ठेवले. असे त्यांनी जन्मात केले नव्हते. "प्रस्तावना, पाच मिनिटे," ते मोठ्याने म्हणाले, आणि ढेकळावर तांब्याभर पाणी ओतले. "मुलींनो, ह्याच्या आत बेडूक आहे. चार-पाच महिने झाले, काही खाल्लेलं नाही. नाकाने नाही, ओल्या कातडीने श्वास घेतोय. आता निरीक्षण, वीस मिनिटे." आणि हात बांधून उभे राहिले.

वर्गात कोणी हलेना. ढेकूळही हलेना. पाच मिनिटे गेली, दहा गेली. भाऊजींनी आणखी पाणी ओतले. साहेबांनी वहीत पाहिले, ढेकळाकडे पाहिले, आणि विणकराच्या घरची आमची नरसम्मा पहिल्या बाकावर होती तिला विचारले, "काय गं, कुठे आहे बेडूक?"

नरसम्मा ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "झोपलाय, साहेब. हळू बोला."

मी डोळे मिटून घेतले. प्रश्नांची दहा मिनिटे आली. भाऊजींनी माझे प्रश्न जसेच्या तसे, माझ्याच क्रमाने विचारले, आणि मुलींनी श्रावणात हातात धरलेल्या बेडकावरून उत्तरे दिली. उजळणी झाली. घंटा झाली. ढेकूळ तसेच. भरतकामाच्या बाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. पलीकडच्या वर्गात त्यांनी पंचवीस रुमाल मांडून ठेवले होते.

"साहेब, पुढचा तास," मोठ्या बाई म्हणाल्या.

साहेबांनी त्यांच्याकडे न पाहता हात वर केला. "थांबा हो जरा."

ते उठलेच नाहीत. आपली खुर्ची ओढून घमेल्याशी घेऊन बसले. मुली बाकांवरून उतरून त्यांच्याभोवती जमल्या. कुणीतरी साहेबांच्या खांद्याला हात टेकवून वाकली आणि त्यांना ते कळलेही नाही. असा आणखी अर्धा तास गेला. मग दुपारच्या पाळीचा गिरणीचा भोंगा झाला, आणि ढेकळाला चीर पडली. चिखलातून आधी एक डोळा दिसला. फक्त एक डोळा. त्याने साहेबांकडे पाहिले. साहेबांनी त्याच्याकडे पाहिले. "अरे वा!" साहेब म्हणाले, अगदी सात वर्षांच्या मुलासारखे. भोंग्यानेच तो उठला असे भाऊजी जन्मभर सांगत; ते साफ खोटे आहे, पाण्याने उठला.

वर्ग चालू राहिला. साहेबांच्या शेऱ्यात भाऊजींच्या पाठाचे पाऊण पान कौतुक होते. दहा महिने रोज संध्याकाळी मी जी वही लिहिली, तिच्याबद्दल दोन शब्द होते: 'अक्षर सुवाच्य'. तुम्हीच सांगा, माणसाला राग येणार नाही? मी शेरा वाचून दाखवला तेव्हा भाऊजी गोंधळून म्हणाले, "पण वहिनी, मी तर तुमच्याच टाचणाप्रमाणं शिकवलं." त्यांच्या तळहातावर कुदळीचे फोड आले होते. मी तूप आणून दिले, आणि बोलले मात्र नाही.

पुढच्या वर्षी टाचणे लिहायला बसले तेव्हा मी सोनेरी पुस्तक कपाटात ठेवले आणि पहिला रकाना भाऊजींना विचारून भरला: श्रावणात बेडूक, जानेवारीत जोंधळा, मार्चात पिंपळाची पालवी. ते सांगत गेले, मी लिहीत गेले, शाईने. असे आम्ही सहा वर्षे केले. मग ते आजारी पडून सांगोल्याला मुलाकडे गेले आणि परत आले नाहीत. पाच वाजता बशी काढायची माझी सवय मोडायला बराच काळ गेला.

मागच्या आठवड्यात तुमचे पत्र आले. कुंपणाखाली उगवली म्हणून तुम्ही त्यात दोन पिवळी फुले दाबून पाठवलीत. खाली नाव लिहिलेत. नाव वाचायची मला गरज नव्हती. पाकळ्या मोजल्या, पाच. प्रत्येकीला टोकाशी खाच, पुस्तकात होती तशीच. जुनी वही काढली. पहिले पान, लाल रकाने, पेन्सिलीचे अक्षर पुसट झाले आहे, पण वाचता येते. मी दौत उघडली, आणि त्या 'न पाहिले'मधला 'न' नीट, एका रेघेत खोडला. तुमच्यापैकी कोणी विचारले तर सांगा, शाईने.