गावात एकही जखम नाही

देवमनराव वानखडे यांनी एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात ड्रेसर म्हणून लोकांच्या जखमा धुतल्या आणि निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ पंधरा दिवसांत बंद पडलं. त्यांची जागा त्याच दिवशी रिकामी झाली, ती सहा वर्षं रिकामीच राहिली. जागा भरा म्हणून ते दर सहा महिन्यांनी अर्ज करत. सरकारनं ते अर्ज फार जपून ठेवले असणार, कारण एकाचंही उत्तर कधी आलं नाही.

जखमांना मात्र पद रिक्त असल्याचं कोणी कळवलं नव्हतं. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या त्या लहानशा गावात कुणाचा पाय शुगरनं चिघळलेला, कुणाचा फुगलेल्या शिरांनी. दर मंगळवारी आणि शनिवारी देवमनरावांच्या ओट्यावर बारा-चौदा जण पाय पसरून बसत. घरच्या पातेल्यात उकळून गार केलेल्या पाण्यानं ते जखम धूत, पट्टी बांधत आणि बांधता बांधता खरडपट्टी काढत. जखमेत हळद भरून येणाऱ्याला वेगळी, बॅटरीच्या सेलातली काळी भुकटी लावणाऱ्याला वेगळी.

सगळ्यात जास्त बोलणी खाल्ली लीलाबाईंनी. त्यांच्या घोट्यावरची जखम बारा वर्षांची, आणि त्यातली पहिली तीन त्यांनी ती लुगड्याआड लपवण्यात घालवलेली. "लपवली नसती तं तीन महिन्यांत भरली असती," हे देवमनराव त्यांना दर खेपेला ऐकवत. लीलाबाई पाटलांच्या घरातल्या. देवमनरावांच्या घरचं पाणी त्या पीत नसत, स्वतःचा तांब्या सोबत आणत. पाय मात्र त्यांच्या मांडीवर बिनदिक्कत ठेवत. विटाळाचे नियम बहुधा गुडघ्याच्या वरच लागू असावेत.

गेल्या वर्षी अमरावतीच्या एका कॉलेजातून आकांक्षा नावाची मुलगी टॅब घेऊन गावात आली. सहा आठवड्यांहून जुनी जखम घरात कोणाला आहे का, असं ती दारोदार विचारत फिरली. गावातली ड्रेसरची जागा ठेवायची की नाही, हे याच आकड्यावरून ठरणार होतं. पण ते टॅबमधल्या प्रश्नांत नव्हतं, म्हणून तिनं सांगितलं नाही.

गावानं मात्र लगेच ओळखलं. देवमनराव निवृत्त होऊनही पट्ट्या बांधतात, त्यांना पकडायलाच ही आली. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत जी एकी कधी दिसली नाही, ती त्या दिवशी दिसली. दीडशे घरांनी नाही म्हणून सांगितलं. लीलाबाईंनी तर पाय लुगड्याखाली ओढून घेतला आणि पोरीला वर चहा पाजला.

शेवटी ती देवमनरावांकडे आली. त्यांच्या डाव्या तळव्याला चौदा महिन्यांची जखम होती. शुगरमुळे दुखलीच नाही, म्हणून उशिरा कळली. रोज दार लावून, जमिनीवर आरसा ठेवून ते ती धूत आणि वर मोजा चढवत. तळवे पाहत जा म्हणून एकतीस वर्षं लोकांना झापणाऱ्यानं स्वतःचा तळवा कुठल्या तोंडानं दाखवायचा? हल्ली कंबर वाकत नव्हती, आरशात हात चुकत होता आणि जखमेची कड काळी पडायला लागली होती. पाय जाणार, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

"नाई बेटा," ते म्हणाले. "आमच्या गावात असं काई नाई."

पोरीनं शून्य दाबलं, काही आठवलं तर कळवा म्हणाली आणि नंबर देऊन गेली.

चार महिन्यांनी सरकारचं पत्र आलं, सहा वर्षांतलं पहिलंच. गावात एकही जुनी जखम आढळली नसल्यानं ड्रेसरचं पद रद्द करण्यात येत असून गावाचं अभिनंदन करण्यात येत होतं. शनिवार होता. देवमनरावांनी ते पत्र ओट्यावरच्या चौदा जणांना वाचून दाखवलं. मग सगळ्यांसमोर आकांक्षाला फोन लावला आणि म्हणाले, लिहून घे, एक जखम आहे, डावा पाय, अठरा महिने. तिनं अदबीनं सांगितलं की पोर्टल बंद झालंय, काका.

"डावा पाय कोणाचा?" लीलाबाईंनी विचारलं.

देवमनराव मोजा काढायला वाकले, पण हात पोचेना. लीलाबाई आपला अर्धवट बांधलेला पाय ओढत खाली सरकल्या आणि मोजा त्यांनीच उतरवला. तळवा त्यांनी नीट निरखून पाहिला. मग त्यांनी तो पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला.

"लपवली नसती तं तीन महिन्यांत भरली असती," त्या म्हणाल्या. आवाज चिडका होता आणि डोळे भरून आले होते. उद्या पोराच्या गाडीतून अमरावतीच्या दवाखान्यात चलायचं, हेही त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मग हाताशी असलेला स्वतःचा तांब्या उचलून त्या जखमेवर ओतायला निघाल्या.

देवमनरावांनी त्यांचा हात धरला. "हे पाणी नोका घेऊ, बाई. उकळलेलं नाई."

लीलाबाईंनी तांब्या बाजूला ठेवला आणि देवमनरावांच्या घरचं पातेलं जवळ ओढलं.