महिपतनं एकालाच सांगितलं

टोकावड्याच्या आसपास कुठं लग्न ठरलं की पत्रिका छापायच्या आधी माणसं महिपतच्या दारात यायची. "दादा, तारीख धरलीय, तुमी मोकळे हाव ना?" एक वेळ नवऱ्या मुलाचा मामा नसला तरी चालेल, पण भाताला महिपत नाही म्हणजे काय! शहापूर-मुरबाडात आता डोक्याला टोप्या घातलेली केटररची पोरं आलीत, पण महिपतच्या गावानं त्यांना अजून जवळ केलेलं नाही. भावकीतले बाप्ये मंडपामागं लांब चर खणतात, त्यात लाकडं पेटवतात, आणि गावाचा भात गावच शिजवतं.

आंघोळ करून, उघड्या अंगानं, कमरेला ओला पंचा गुंडाळून महिपत त्या चरापुढं उभा राहायचा. जाळच असा की अंगावर बनियनसुद्धा नको वाटावं. उकळत्या टोपातलं एक शीत उचलायचं, दोन बोटांत दाबायचं आणि ओरडायचं, "वेळा!" की चौघांनी टोप धरून पेज काढायची आणि भात बांबूच्या हाऱ्यात ओतायचा. त्यातला पहिला घास गावदेवीच्या नैवेद्याला, मग पंगत. शीत दाबायचा मान एकट्या महिपतचा. एरवी घरात बायकोसुद्धा त्याचं ऐकत नसे, पण तिथं सरपंचही गप उभा राहायचा. त्याला दुसरं काय येत होतं म्हणा! चार खाचरं, दोन बैल आणि हा भात.

मग गेल्या साली शौचातून रक्त पडायला लागलं. लाजेपायी हा बाबा कुणाला बोलला नाही. मूळव्याध असेल म्हणून बाजारातून पुड्या आणून खात बसला. पुड्यांनी काय होतंय, कपाळ! कल्याणला नोकरी करणारा मुलगा, शेखर, सणाला घरी आला, बापाचा चेहरा बघितला आणि त्याला तसाच उचलून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला. कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी खालची वाट कायमची बंद केली, पोटाच्या डाव्या अंगाला भोक पाडलं आणि त्यावर पिशवी चिकटवली. आता जे काही व्हायचं ते त्या पिशवीत, मरेपर्यंत.

"जीव वाचला, आनंद माना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळं खा, हिंडा, लोकांत मिसळा. हात धुतलेत म्हणजे झालं. फक्त ओझं उचलू नका." बाई चांगल्या होत्या बिचाऱ्या. पण त्यांना कुठं टोकावड्याकडच्या पंगतीत बसायचं होतं?

गावात सांगितलं, हर्निया. हे त्याच्या बायकोनं, सुंदरानं ठरवलं. "अवो, माझं काय नाय, मी सगळं करीन तुमचं. पन भाईर कळलं तर कोन आपल्या घरचं पानी प्यायाचं नाय." आणि ती खरंच सगळं करायची, तोंड वाकडं न करता. म्हणून तिचं बोलणं त्याला जास्त लागलं. पिशव्या मुरबाडात मिळाल्या असत्या, पण तिथं रिक्षावाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळे ओळखीचे. म्हणून हा सरळगावावरून किन्हवलीमार्गे थेट शहापूर गाठायचा. एसटीत सगळ्यात मागं, अंग चोरून बसायचा.

पण पोट कुणाचं ऐकतंय! भजन रंगात यावं आणि यानं गुरगुरायला सुरुवात करावी. पिशवी सदऱ्याखाली फुगायची, आपल्याला वास येतोय असं त्याला वाटायचं, आणि आला नाही तरी येतोय असंच वाटायचं. त्यानं भजन सोडलं, पारावर बसणं सोडलं. हनुमानच्या मुलीचा, समीक्षाचा साखरपुडा झाला, त्यालाही तो गेला नाही.

इथं मात्र घोटाळा झाला. हनुमान म्हणजे महिपतचा लंगोटीयार. दोघांनी मिळून गुरं राखली, दोघांनी मिळून मार खाल्ला. समीक्षाला महिपतनं खांद्यावर बसवून जत्रा दाखवलेली. आणि तोच साखरपुड्याला नाही! झालं, गावाला काय, चघळायला मिळालं. महिपतला हनुमानचं बरं बघवत नाही, असं पारावरून उठलं आणि महिपतच्या ओटीपर्यंत आलं. सांगावं तर तोंड दाखवायची सोय नाही, न सांगावं तर जिवाचा मित्र तुटतोय. त्याला अन्न गोड लागेना. मेलो असतो तर बरं झालं असतं, असं तो एकदा सुंदरापुढं बोलून गेला आणि ती दिवसभर त्याच्याशी बोलली नाही.

लग्नाची पत्रिका द्यायला हनुमान स्वतः आला, पण अंगणातच उभा राहिला. "घे. दिली नाय असं नको व्हायाला. नाय आलास तरी चालंल."

सुंदरा शेतावर गेली होती. "हनम्या, आत ये," महिपत म्हणाला. त्यानं दार लावलं आणि सदरा वर केला.

हनुमाननं बघितलं. मग मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. "येड्या, येवढं सोसलंस आन् मला नाय बोललास?"

"कसं बोलू? काय सांगू?"

"माझ्या आयशीची आन, कुनाला कळायाचं नाय. आन् भाताला तूच! टोप आमी उचलू. तू शर्ट घालून उभा ऱ्हा आन् नुसतं शीत बघ. कोन काय इचारलं तर मी हाय ना."

त्या दिवशी महिपत पोटभर जेवला. सुंदरानं ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "सांगितलंत? आता बसा!"

"हनम्या हाय गो तो," महिपत म्हणाला. "हनम्या म्हंजे काय लोक हाय?"

लग्नाच्या दिवशी त्यानं साबण लावून दोनदा आंघोळ केली. नवी पिशवी लावली. आदल्या दुपारपासून पोटात काही घातलं नव्हतं, म्हणजे नको ते काही व्हायला नको. पांढरा शर्ट घालून चरापुढं उभा राहिला तेव्हा बाप्ये हसले. "काय दादा, आज सायेब झालाव?" हनुमाननं त्यांना दटावलं, "सर्दी झालीय त्याला, गप ऱ्हावा." महिपतला किती बरं वाटलं म्हणून सांगू! पाणी खळखळलं, तांदूळ पडले, ओळखीचा वास सुटला. त्यानं झारा घातला, शीत वर आलं आणि त्यानं बोटं पुढं केली.

हनुमाननं त्याचं मनगट धरलं.

ठरवून नाही हो. देवाशपथ सांगतो, त्याच्या मनातही नव्हतं. हात आपला आपण गेला त्याचा. "ऱ्हाऊ दे... ऱ्हाऊ दे रे. वाफ लागंल."

उभा जन्म जाळापुढं काढलेल्या माणसाला वाफ लागणार होती! दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. हनुमानचे डोळे भरून आले, पण हात काही त्यानं सोडला नाही. "देवीचा निवद काढायाचाय ना अजून..." असं काहीतरी तो पुटपुटला. मग पुतण्याला हाक मारली, "काळूराम, तू बघ शीत." काळूरामनं घाबरत घाबरत दाबलं आणि वेळा म्हणाला. बाकीच्यांना काही उमगलं नाही. ते टोप उचलायला धावले.

महिपतला हनुमाननं मंडपात नेलं, पुढच्या खुर्चीत बसवलं, टॉवेल-टोपी दिली, फोटो काढायला लावला. व्याह्यांना सांगितलं, हा माझा भाऊ. पहिल्या पंगतीला आग्रह करून वाढलं. भातात कणी राहिली होती. महिपतनं तो शेवटच्या शितापर्यंत खाल्ला, कारण टाकला असता तर कुणीतरी का म्हणून विचारलं असतं.

संध्याकाळी घरी येताना सुंदरानं हळूच विचारलं, "कुनाला कळलं तर नाय ना?"

"नाय."

"म्हंजे भावजींनी शब्द पाळला."

"पाळला की. लई मान दिला गो त्यानं." ओटीवर येईपर्यंत महिपत चालला, मग तिथंच बसला. त्याला हुंदका आवरेना. सुंदरा घाबरली, पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "अवो, काय झालं? सांगा तरी. मला नाय तर भावजींकडं जाऊन तरी बोला, मन हलकं व्हईल."

"त्याच्याकडंच जायाचो ना मी," महिपत म्हणाला. "आता कुनाकडं जाऊ?"