खिडकीकडची जागा

वाकडा स्क्रू डोळ्यांजवळ न्यायचा, अंगठ्याने त्याच्यावरचा गंज पुसायचा, शर्टाच्या खिशात टाकायचा आणि वर म्हणायचं, "राहू दे, लागेल." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण आमच्या काकांनी हे इथे परदेशात, हॉर्नबीत, माझ्या ड्राइव्हवेत येऊन केलं आणि माझ्या गराजची पार वाट लावली.

काका शेजारच्या घरातले. नाशिकहून मुलीकडे राहायला आलेले. मुलगी-जावई सकाळी कामाला गेले की घरात हे एकटे. त्या उन्हाळ्यात मी एक जुनी कॅरॅव्हॅन आणली होती. गाडीमागे जोडून ओढत न्यायची, पत्र्याची, माझ्याहून वयाने मोठी. आतलं सगळं कुजलेलं. ते उचकटून टाकायचं आणि नवं बसवायचं, असा माझा बेत. पहिल्याच शनिवारी मी आत हातोडा घालतोय, तर दारात काका. अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी आणि पायात मोज्यांवर चढवलेल्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला.

"फोडतोस काय असा? सोडवत जा," म्हणत ते आत आले.

झालं. त्या दिवसापासून काम निम्म्या वेगाने होऊ लागलं. कपाटांच्या बिजागऱ्या, पडद्यांचे हुक, सिंकचा नळ, सगळं मी कचऱ्याच्या लोखंडी स्किपमध्ये टाकायचो आणि काका वाकून वेचून काढायचे. स्क्रू लोणच्याच्या बरण्यांत, बाकीचं गराजच्या फळीवर. बायको म्हणायची, "काकांना सांग ना काहीतरी." मी कसला सांगतोय. मला त्यांची सवय लागली होती.

दुपारी चहा कॅरॅव्हॅनमध्येच. आत आता खिडकीखालचं एक लाकडी बाक तेवढं शिल्लक होतं. ते काढायचं म्हटलं की काका म्हणायचे, "ते शेवटी." बसायचेही त्याच्यावरच, पण अगदी कडेला, अर्धं अंग बाहेर.

"काका, आत सरका की. पडाल."

"हिला गाडी लागायची," ते म्हणाले. "एसटीत खिडकी कायम हिची. मी आपला कडेला. आता बूड आत सरकतच नाही."

मग खिशातून आवळासुपारीची डबी काढून माझ्यापुढे धरली. काकूंना घाटात ती द्यावी लागे. काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण डबी कधी रिकामी दिसली नाही. रिटायर झाल्यावर भरपूर हिंडायचं, असं दोघांचं ठरलं होतं. काकू त्याआधीच गेल्या. "चाकांची बॅगसुद्धा घेऊन ठेवली होती रे तिने," काका म्हणाले. "आमचं आपलं कायम पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी."

त्यांना परत जायला थोडे दिवस उरले, तेव्हा बाक काढण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. खालची जमीन काळी पडून पायाखाली दबत होती. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो, पण हात होईना.

"राहू दे काका, लागेल," मी म्हणालो. एरवी हे मी त्यांना चिडवायला म्हणायचो. त्या दिवशी मनापासून म्हणालो.

काकांनी बाकावरून हात फिरवला. "नाही रे. कुजलंय ते. ह्याच्यावर बसवणार कुणाला?"

स्क्रू त्यांनी स्वतः सोडवले. एकही खिशात टाकला नाही. फळी स्किपपर्यंत नेली आणि आत अलगद ठेवली. मग स्वेटरला हात पुसत म्हणाले, "नवं कर. पण लांबी एवढीच ठेव. दोघं बसतील अशी."

"पुढच्या उन्हाळ्यात येतो, मग जाऊ," असं सांगून गेले. उन्हाळा आला, काका आले नाहीत. नाशिकलाच झोपेत गेले. त्यांच्या मुलीने कुंपणापलीकडून सांगितलं. मला त्यांची फार आठवण येते. दुपारी कप काढताना तर हटकून येते.

कॅरॅव्हॅन आता तयार आहे. बिजागऱ्या काकांच्याच, तशा आता कुठल्या दुकानात मिळत नाहीत. मागच्या महिन्यात आम्ही ती टेकापोच्या तळ्याकाठी नेली. बायको चहा घेऊन आली तेव्हा मी बाकावर बसलो होतो.

"कडेला काय बसलायस? सरक की आत."

"तू बस खिडकीत."

"मला कुठे गाडी लागते?" असं म्हणाली, पण बसली.

कडेवरून तळं जेमतेम दिसतं. मध्ये तिचं डोकं येतं. काकांनी जन्मभर सगळे घाट असेच बघितले असणार. आणि मध्ये कुणी उरलं नाही, तरी ते आत सरकले नाहीत.