न ऐकलेले अल्बम

त्या वर्षांत उज्जैनमध्ये हेवी मेटल ऐकणारा मी एकटाच होतो. असतील आणखी कुणी, पण मला भेटले नाहीत, आणि मी शोधलं नाही असंही नाही. एम.एस्सी.ला असताना वर्गातल्या एकाला घरी बोलावलं, पोहे खायला घातले आणि कॅसेटची एक अख्खी बाजू ऐकवली. मुलगा सभ्य होता. शेवटपर्यंत बसला आणि मग म्हणाला, "अच्छा है यार, पर इसमें गाना कब शुरू होगा?" त्यानंतर मी कुणावर पोहे वाया घालवले नाहीत.

घरी तर बोलायची सोयच नव्हती. वडील बँकेत होते, गाणं म्हणजे रेडिओवरचं, तेही बातम्यांच्या आधीचं. ते दारात उभे राहून विचारायचे, "हा माणूस रडतोय की भांडतोय, तेवढं एकदा सांग." आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अरे, जरा धीमं कर ना! समोरच्या भाभी पूछत होत्या, तुमच्याकडे काही तोडफोड चालू आहे का म्हणून."

कॅसेट मिळायच्या टावर चौकातल्या एका दुकानात. दुकान खरं तर भजनं आणि आरत्यांचं. पण मालक दर आठवड्याला इंदूरला जायचा आणि तिथल्या कुणाकडून तरी नवा इंग्रजी अल्बम एका दिवसासाठी मागून आणायचा. तो कोऱ्या कॅसेटवर भरून मला द्यायचा. नव्वद मिनिटांची कॅसेट माझ्या टेपरेकॉर्डरमध्ये अडकायची, म्हणून मी नेहमी साठ मिनिटांचीच घ्यायचो. जेवढी गाणी तिच्यात मावतील तेवढ्यांचीच नावं तो कार्डावर सुवाच्य अक्षरात लिहायचा. एकदा मी त्याला विचारलं, यातलं कोणतं आवडलं? तो म्हणाला, "भिया, अपने को तो सब एक जैसे लगते हैं. आप सुनो, आप खुश रहो."

मी खूश नव्हतो. माझ्याकडे मतं होती आणि ती ऐकायला कुणी नव्हतं. ऐकण्यापेक्षा मत देण्यातच मला जास्त सुख वाटायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

स्टेशनवरच्या स्टॉलवर संगीताचं एक इंग्रजी मासिक मिळायचं. त्यातल्या पत्रमित्रांच्या रकान्यात मला तो सापडला. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावचा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, आवड: रॉक आणि मेटल. आडनाव मराठी. मी थेट मराठीतच पत्र टाकलं. दहाव्या दिवशी उत्तर आलं. 'सप्रेम नमस्कार' आणि त्याखाली लगेच गिटारबद्दल प्रश्न. ते पत्र मी गच्चीवर जाऊन चार वेळा वाचलं. एवढा आनंद मला निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

पुढची तीन वर्षं मी जे काही ऐकलं, ते त्याला लिहिलं. एका बँडचा नवा अल्बम ऐकून लिहिलं, की ढोल पत्र्याच्या डब्यासारखे वाजतात आणि गायक दमलाय. यांनी आता दुकान बंद करावं. दुसऱ्या एका बँडने वेग सोडून संथ अल्बम काढला, सगळ्या मासिकांनी त्यांना शिव्या घातल्या, तर मी सात पानं लिहून त्यांची बाजू घेतली. मराठीत हे कुणी लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे शब्द मलाच जुळवावे लागायचे. तो बारीक बारीक विचारायचा: गिटार आधी येते की ढोल? गायक श्वास कुठे घेतो? मला वाटायचं, पठ्ठ्या जाणकार आहे, माझी परीक्षा घेतोय. मग मी आणखी जीव ओतून लिहायचो.

एकदा एका अल्बमने मला वेड लावलं. शेवटच्या गाण्यात गायक ओरडत असतो, ओरडता ओरडता अर्धाच शब्द तुटतो आणि संपलं. लगेच टेपचं बटण खटकन वर येतं. मी त्याला लिहिलं, की अलीकडच्या अल्बमांमध्ये एवढा धाडसी शेवट कुणी केलेला नाही. त्याचं उत्तर आलं: "अगदी खरं. त्या शेवटाला मीही उठून बसलो. पुढे काही येईल म्हणून टेप तशीच फिरत ठेवली."

वर्षभराने मी एका परीक्षेसाठी इंदूरला गेलो. तिथे सीडीचं नवं दुकान निघालं होतं, हेडफोन लावून ऐकू देत. मी तोच अल्बम मागितला आणि सरळ त्या शेवटावर गेलो. गायकाने शब्द पूर्ण केला. गाणं आणखी दोन मिनिटं चाललं. त्यानंतर आणखी दोन गाणी होती, आणि शेवटचं तर नुसत्या गिटारवरचं, हळू, झोपाळ्यावर गुणगुणल्यासारखं. माझा धाडसी शेवट म्हणजे टावर चौकात संपलेली टेप होती.

आधी कान लाल झाले. मग, परतीच्या बसमध्ये, त्याचं वाक्य आठवलं. टेप फिरत ठेवली म्हणे! उज्जैनला नानाखेड्याच्या स्टँडवर उतरेपर्यंत माझं डोकं पुरतं फिरलं होतं. त्याने तो अल्बम ऐकलाच नव्हता. मग आणखी काय काय ऐकलं नव्हतं?

मी सापळा लावला. एका थंड देशातल्या बँडचं नाव मनाने बनवलं, अल्बमचं नाव बनवलं, सहा गाण्यांची यादी बनवली आणि लिहिलं: "हा नवा आलाय. ऐकलास का? मला काही पटला नाही." बाकी एक अक्षर नाही.

उत्तर चार पानी आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो माझ्याशी भांडला होता. "तू घाईत ऐकलंस," असं त्याने लिहिलं होतं. पहिल्या गाण्यात ढोल मुद्दाम उशिरा येतात, कारण आधी गिटारला एकटं पडू द्यायचंय. दुसऱ्यात दोन गिटारी एकमेकींचं न ऐकता बोलत राहतात. तिसऱ्यात सगळं थांबतं आणि गायक ओरडत नाही. ओरडून झाल्यावर जो घसा उरतो, त्या घशाने गातो. "ते गाणं पुन्हा ऐक," त्याने लिहिलं होतं, "आणि मग मला सांग."

मी ते पत्र वाचलं आणि मला फक्त एवढंच दिसलं, की मासा गळाला लागला. मी पोस्टकार्ड घेतलं. पाकीट नाही, पोस्टकार्ड, म्हणजे त्याच्या गावात पोस्टमनपासून घरच्यांपर्यंत सगळ्यांना वाचता येईल. त्यावर लिहिलं: "असा बँड नाही. असा अल्बम नाही. तू आजवर काय काय ऐकलंयस ते समजलं." आणि पेटीत टाकून आलो. रस्त्यात मी चक्क शीळ घालत होतो.

उत्तर आलं नाही. पंधरा दिवस मला जिंकल्यासारखं वाटलं. मग दुकानदाराने नवी कॅसेट भरून दिली. चांगली होती. मी ऐकली, वही उघडली, आणि कुणाला लिहायचं ते कळेना.

तेव्हा मी त्याची सगळी पत्रं काढून बसलो. तीन वर्षांत त्याने एकदाही कॅसेट घेतल्याचं लिहिलं नव्हतं. दुकानाचा उल्लेख नाही, टेपरेकॉर्डरचा नाही. मासिकं वाचत असेल, बस. त्याच्या घरी टेप नसेल, किंवा असेल आणि त्याला हात लावू देत नसतील. मला माहीत नाही, मी कधी विचारलंच नाही. ते बारीक प्रश्न परीक्षेचे नव्हते. माझ्या पत्रांवरून तो ते अल्बम मनात वाजवत होता. आणि मी समजत होतो की एकटा मी आहे.

मी माफीचं पत्र लिहिलं. महिनाभर वाट पाहिली, मग दुसरं लिहिलं. पोस्टमन दिसला की मी आपणहून फाटकापर्यंत जायचो, तो लांबूनच मान हलवायचा. खूप दिवस गेले. शेवटी मी तिसरं पत्र लिहिलं, त्यात माफी नव्हती. पाकिटात घालून नीट डकवलं. त्यात एवढंच होतं: "तुझं बरोबर होतं, मी घाईत ऐकलं होतं. तिसरं गाणं आता ऐकतोय, सोडवत नाही. पण तू तिसऱ्यावरच थांबलास. चौथं कसं आहे, ते लिही."

त्याचंही उत्तर आलं नाही.