डावखुरे टाके

माझा मामा थळला होड्यांवर नावं आणि नंबर रंगवतो. नारळी पुनवेच्या आधी त्याला जेवायला सवड नसते. दवाखान्यातून आणलेल्या जुन्या एक्स-रे फिल्मवर ब्लेडनं अक्षरं कापायची, फिल्म होडीला लावायची आणि वरून रंग थोपटायचा. ठोकळेबाज अक्षरं त्याला खपत नाहीत. नंबरातल्या इंग्रजी अक्षरांनाही तो टोकाला नाजूक पाऊल काढतो, पोट जाड, मान बारीक. इंग्रजी ओच्या पोटातला तुकडा गळून पडू नये म्हणून मध्ये फिल्मची पट्टी सोडावी लागते. तिला मामा टाका म्हणतो. बाकीचे रंगारी टाका सरळ सोडतात. मामा डावखुरा, त्याचा तिरका पडतो, आणि अक्षर कमरेवर हात ठेवून उभं राहिल्यासारखं दिसतं.

मुंबईत कला महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला टाइपफेस करायचा होता. मी सुट्टीत आले आणि मामाच्या फिल्मवरून सगळी अक्षरं उतरवून घेतली. फिल्म खिडकीच्या काचेवर धरून तोच उभा राहिला, भाचीचा अभ्यास म्हणून. सरांनी विचारलं, हे तिरकं कुठून सुचलं? "सुचलं असंच," मी म्हटलं. खोटं बोलताना मला जरासुद्धा जड गेलं नाही, याचीच आता जास्त लाज वाटते. पुढे तीच अक्षरं काशीदच्या एका रिसॉर्टच्या पाटीवर गेली, मेनूकार्डावर गेली. कार्डाच्या मागे बारीक टायपात माझं नाव. मामाला फोटो दाखवला तो पुढच्या बाजूचा, तोही घाईघाईत.

यंदा मी त्याचा डबा घेऊन किनाऱ्यावर गेले, तर नव्या होडीचा मालक त्याच्यावर तापला होता. "ही काशीदच्या हॉटेलातली अक्षरं हायत. तिथनं उचललीस ना? माझ्या होडीवर चोरीचा माल नको मना."

माझ्या जन्माआधीपासून ही अक्षरं कापणारा माणूस, आणि त्याला चारचौघांत चोर म्हटलं जात होतं. खरं ठाऊक असलेली तिथं मामाखेरीज मी एकटीच.

मामा माझ्याकडे वळला. "सांग गो याला."

दोन शब्दांचं काम होतं. मेली माझी जीभ, एरवी कात्रीसारखी चालते. मला सर आठवले, कार्डावरचं नाव आठवलं, आणि मी डब्याचं झाकण उगाच घट्ट करत राहिले. वर बघितलं तेव्हा मामा माझ्याकडेच बघत होता. त्याला सगळं कळलं होतं.

"व्हय रं," तो मालकाला म्हणाला, "तिथलीच उतरवली. पन ती हॉटेलवाल्याची न्हायत, माझ्या या भाचीनं काढल्यात. घरच्याच वस्तूची चोरी कसली?"

मालक निवला. "मग आधी सांगायचं." माझ्याकडे बघून कौतुकानं हसला. "हुशार हायस पोरी. मामाला पन शिकव जरा."

मामा खाली बसून ब्रश पुसत होता.

"शिकवते, काका," मी म्हटलं.